वटवाघूळ, हॅमस्टर आणि किडनी

थोडी मोठी पोस्ट आहे, सवडीने वाचा.

ग्रीन कॉरिडॉरची बातमी आली की आपण सगळे ती शेअर करतो. पोलिसांनी रस्ता मोकळा केला, हृदय अमुक मिनिटांत विमानतळावर पोचलं, यकृत एका हॉस्पिटलला, किडन्या दुसऱ्या दोन ठिकाणी, डोळे नेत्रपेढीत. एका माणसाने जाताजाता पाच-सहा घरं सावरली. बातमी तिथे संपते आणि संपायला काही हरकतही नाही. पण प्रत्यारोपणाच्या इतिहासात अशाही काही गोष्टी आहेत ज्या त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू होतात. नवी किडनी बसलेला माणूस घरी जातो, जेवायला लागतो, आणि एक दिवस त्याचे हात थरथरू लागतात. डॉक्टरांना उलगडा होत नाही. त्याच सुमारास दुसऱ्या वॉर्डात, नाहीतर दुसऱ्याच गावात, आणखी एक माणूस तसाच थरथरत असतो. दोघांना एकाच दात्याचे अवयव बसलेत, हे लक्षात यायला बराच वेळ जातो.

आज त्याबद्दल लिहितोय. आधीच सांगतो, हे वाचून कुणी अवयवदानाचा विचार सोडू नका. जगात वर्षाला दीड लाखाहून जास्त अवयव-प्रत्यारोपणं होतात. भारतात २०२३ मध्ये अठरा हजारांहून जास्त झाली, आणि त्या वर्षी मेंदूमृत दाते होते सुमारे अकराशे. खाली ज्या घटना येतील त्या मोजक्या आहेत, बोटांवर मोजता येतील अशा. पण जिथे आजार ओळखायला उशीर झाला तिथे तो का झाला, हे पाहिलं की आपल्याही व्यवस्थेला विचारायचे चार प्रश्न सापडतात.

सुरुवात थोडी मागून करू. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावाची, भावाला. एकसारखी जुळी असल्यामुळे शरीराने परकं मानलं नाही, औषधं लागलीच नाहीत. पण सगळ्यांना जुळा भाऊ कुठून आणायचा? मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली. साठच्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड्स, पुढे सायक्लोस्पोरिन. (हे सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या हार्डांगरविडा नावाच्या माळरानावरच्या मातीतल्या एका बुरशीपासून मिळालं. बुरशीने दिलेलं औषध, आणि ते घेणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती बुरशीचीच.) आपल्या मुंबईत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बसवलं, दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी पहिलं बसवल्यावर अडीच महिन्यांच्या आत. पेशंट काही तासच जगला. त्यामुळे संसर्गाचा प्रश्न तिथे आलाच नाही. जिथे पेशंट आठवडे-महिने जगू लागले तिथे मात्र तो आला, आणि असा आला की त्या काळात नवा अवयव नाकारला जाऊन जेवढे पेशंट गेले तेवढीच धास्ती डॉक्टरांना संसर्गाचीही वाटत असे.

औषधाचं काम एकच: शरीराच्या पहारेकऱ्याला झोपवायचं. पण पहारेकरी झोपला की तो ओरडतही नाही. आजार ओळखण्याच्या दृष्टीने हा खरा घोळ आहे. तुमच्या-माझ्या अंगात जंतू शिरला की ताप येतो, पू होतो, सूज येते, एक्स-रेवर डाग दिसतो, रक्तात प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी तयार होतात. डॉक्टर हे सगळं पाहून निदान करतात. थोडक्यात, आपण जंतूला पाहत नसतो, शरीराने केलेला आरडाओरडा ऐकत असतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसात ताप नसतो किंवा किरकोळ असतो, पू दिसत नाही, आणि अँटिबॉडीची टेस्ट निगेटिव्ह येते, कारण अँटिबॉडी बनवणारा कारखानाच औषधांनी मंद केलेला असतो. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नाही, असं इथे म्हणता येत नाही. मग थेट जंतूच शोधावा लागतो. ऊतीच्या तुकड्यात, जनुकीय चाचणीने, नाहीतर प्रयोगशाळेत वाढवून. आणि जंतू थेट शोधायचा तर काय शोधायचं हे आधी सुचावं लागतं.

ते सुचायला मदत म्हणून १९८१ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट रुबिन आणि सहकाऱ्यांनी एक वेळापत्रक मांडलं. प्रत्यारोपणानंतरचा पहिला महिना: ऑपरेशनची जखम, हॉस्पिटलमधले जंतू, आणि दात्याकडून आलेलं काही. एक ते सहा महिने: सायटोमेगॅलोव्हायरस, न्यूमोसिस्टिस, बुरशी. सहा महिन्यांनंतर: चारचौघांना होतात तेच आजार, थोडे जास्त जोरात. अतिशय उपयोगी गोष्ट, आजही वापरतात. आपल्याकडे त्या वेळापत्रकात एक नाव सगळीकडे लिहावं लागतं, ते म्हणजे टीबी. भारतातल्या प्रत्यारोपण-डॉक्टरच्या डोक्यात ताप म्हटला की आधी टीबी येतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. अडचण होते ती वेळापत्रकातल्या ‘दात्याकडून आलेलं काही’ या तीन शब्दांपाशी. ‘काही’ म्हणजे काय?

दात्याचं रक्त तपासतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस वगैरे. पण वेळ किती असतो? हृदय चारेक तासांत बसवावं लागतं, यकृताला त्याहून थोडा जास्त वेळ मिळतो, किडनीला दिवसभर. जगातला प्रत्येक जंतू तेवढ्यात तपासणं अशक्य. म्हणून उरतो दुसरा मार्ग, तो म्हणजे दात्याच्या घरच्यांना विचारणं. ज्या माणसाबद्दल विचारायचं तो व्हेंटिलेटरवर, आणि ज्यांना विचारायचं ते बाहेर बाकावर रडत बसलेले.

आता घटना.

१९७८. अमेरिकेत आयडाहो राज्यात एका बाईला कॉर्निया बसवला. दाता पायांपासून वर चढत गेलेल्या लकव्याने गेला होता आणि त्याच्या मज्जातंतूंचा एक ठाऊक असलेला आजार मानला गेला होता. बाई महिन्याभराने आजारी पडली, डोकेदुखी आधी त्याच डोळ्याच्या मागे. ऑपरेशननंतर पन्नासेक दिवसांनी ती गेली. पोस्टमॉर्टेममध्ये मेंदूत रेबीज. मग दात्याचा साठवलेला दुसरा डोळा तपासला, त्यातही रेबीज. माणसाकडून माणसाला रेबीज गेल्याची प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ही पहिली घटना. चावा नाही, लाळ नाही. एक पारदर्शक पडदा पुरला. पुढच्या दहा वर्षांत अशा घटना इतर देशांतही झाल्या. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या देशातली एक छापून आली, एका दात्याच्या कॉर्नियांमुळे दोघांचा मृत्यू. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘तिकडचं आहे, आपल्याकडे असलं होत नाही’ अशी कमेंट येणार, हे मला माहीत आहे.

नेत्रपेढ्यांनी धडा घेतला. कारण न कळलेल्या मेंदूच्या आजाराने गेलेल्याचे डोळे घ्यायचे नाहीत, असा नियम झाला. पण किडनी, यकृत यांच्या बाबतीत कुणाला ती भीती फारशी वाटली नाही. रेबीज हा मज्जातंतूंतून प्रवास करणारा विषाणू, किडनीत त्याचं काय काम, असं वाटणं अगदीच चूक नव्हतं. फक्त किडनीलाही मज्जातंतू असतात.

२००४, टेक्सास. शेजारच्या आर्कान्सामधला एक तरुण टेक्सासच्या हॉस्पिटलात आला. बोलण्यात भ्रम, थोडासा ताप. स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला. रक्तस्राव वाढत गेला आणि तो गेला. रक्तस्राव डोळ्यांसमोर होता, त्यामुळे ‘कशाने गेला’ या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि फाइल बंद झाली. ४ मे ला अवयव काढले. यकृत आणि दोन किडन्या डॅलसच्या एकाच केंद्रात तिघांना बसल्या.

यकृत बसवलेला माणूस पाचव्या दिवशी घरी गेला. एकविसाव्या दिवशी परत आला: हात थरथरतायत, ग्लानी, जेवण जात नाही. ताप नाही. किडनी बसवलेली बाई पंचविसाव्या दिवशी आली ती उजव्या कुशीत दुखतंय म्हणून. डॉक्टरांनी काय करावं? अपेंडिक्स काढलं. दोन दिवसांनी अंगाला झटके यायला लागले. तिसरा, तरुण मुलगा, आणखी दोन दिवसांनी. तिघंही काही दिवसांत व्हेंटिलेटरवर, आणि मग गेले. त्या डॉक्टरांना मी तरी दोष देणार नाही. कुशीत दुखणं, थरथर, ग्लानी, यातून रेबीज कुणाला सुचेल? पाण्याला घाबरणं, फेस येणं हे पुस्तकातलं रेबीज. आणि कुत्र्याचा कुठे पत्ताच नाही.

उलगडा झाला तो जिवंतपणी केलेल्या चाचण्यांनी नाही, पोस्टमॉर्टेमने झाला. मेंदूचे तुकडे अटलांटाला सीडीसीकडे गेले. तिथे संसर्गजन्य रोगांच्या पॅथॉलॉजीचे प्रमुख होते शरीफ झाकी, मूळचे इजिप्तचे. त्यांच्या विभागात पेशींमध्ये नेग्री बॉडी दिसल्या. हे १९०३ मध्ये एका इटालियन डॉक्टरने दाखवलेले, रेबीजचे म्हणून ओळखले जाणारे ठिपके. शंभर वर्षं जुनी खूण, साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसणारी. नमुने टोचलेली उंदरांची पिल्लं मेली, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये विषाणूचा तो बंदुकीच्या गोळीसारखा आकार दिसला. जूनच्या अखेरीस खात्री पटली. दात्याच्या साठवून ठेवलेल्या रक्तात रेबीजच्या अँटिबॉडी निघाल्या. आणि मग, हे सगळं झाल्यावर, दात्याच्या ओळखीच्यांकडे चौकशी केली तेव्हा कळलं की ‘मला वटवाघूळ चावलं’ असं तो सांगत होता.

थोडं थांबून विचार करा. ही माहिती होती. प्रयोगशाळेत नव्हती, कुठल्या मशीनमध्ये नव्हती, दात्याच्या मित्रांच्या बोलण्यात होती.

डॅलसची गोष्ट इथे संपत नाही. त्याच केंद्रात आणखी एक बाई अशाच लक्षणांनी गेली होती. तिला यकृत बसवलं होतं, पण वेगळ्या दात्याचं. म्हणजे यादीप्रमाणे तिचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. जुन्या मृत्यूंचे नमुने परत तपासले तेव्हा तिच्यातही रेबीज निघाला. सगळे चक्रावले. शेवटी नोंदींतून सापडलं: तिच्या ऑपरेशनमध्ये एका रक्तवाहिनीचा तुकडा कमी पडला होता, तो फ्रीजमध्ये साठवलेल्यातून घेतला. तो तुकडा त्याच आर्कान्साच्या तरुणाचा होता. चौथा मृत्यू, रक्तवाहिनीच्या एका लहानशा तुकड्यामुळे. कुणाचं काय कुठे वापरलं याची वही नीट असणं म्हणजे नुसती कारकुनी असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही बाजू. एकटा पेशंट पाहिला तर कोडं सुटत नाही. एका खाटेवरचा थरथरणारा माणूस म्हणजे औषधाचा दुष्परिणाम असू शकतो, पक्षाघात असू शकतो, सोडियम कमी झालेलं असू शकतं. एकाच दात्याचे तीन पेशंट तीन आठवड्यांच्या अंतराने थरथरतायत म्हटलं की निदान निम्मं झालं. उरलेलं निम्मं दात्याच्या घरी असतं.

याला दुजोरा देणाऱ्या आणखी दोन हकिगती थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २००३ आणि २००५ मध्ये दोन दात्यांचे मिळून आठ अवयव-पेशंट, त्यातले सात गेले. जंतू निघाला लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस नावाचा, उंदीर-घुशींच्या जातीत राहणारा विषाणू. निरोगी माणसाला तो झाला तर बऱ्याचदा फ्लूसारखं वाटून जातं. दोन्ही दात्यांच्या रक्तात, ऊतीत तो शोधूनही सापडला नाही. दात्याची टेस्ट निगेटिव्ह, आणि अवयव घेणारे मेले. २००५ च्या दात्याच्या घरी नुकताच एक हॅमस्टर आणला होता. मुलं पाळतात तो, पांढरा-तपकिरी, गाल फुगवणारा उंदीर. तो तपासला, त्याच्यात तोच विषाणू. त्या तुकडीतला एकजण वाचला, कारण तोवर कळलं होतं: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली आणि रिबाव्हिरिन दिलं. वेळेत नाव कळल्याचा फायदा तो एवढा.

दुसरी ऑस्ट्रेलियातली. डिसेंबर २००६, मेलबर्न. सत्तावन्न वर्षांचा दाता मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. एकाच दिवशी तीन बायकांना अवयव बसले, दोघींना किडनी, एकीला यकृत. महिना-सव्वा महिन्यात तिघी गेल्या. तिथल्या लोकांनी सगळं करून पाहिलं: कल्चर, नेहमीच्या जनुकीय चाचण्या, अँटिबॉडी. काही नाही. शेवटी नमुने न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात इयान लिप्किन यांच्याकडे गेले. तिथे एक वेगळा उपाय केला. ‘अमुक विषाणू आहे का’ असं विचारायचंच नाही. नमुन्यात जेवढी जनुकीय द्रव्यं आहेत तेवढी सगळी वाचून काढायची. एक लाख तीन हजारांहून जास्त तुकडे वाचले. त्यातले चौदा, फक्त चौदा, एका अनोळखी अरेनाव्हायरसशी जुळले. वर सांगितलेल्या हॅमस्टरवाल्या विषाणूचा हा चुलतभाऊ, तोवर जगात कुणाला माहीत नसलेला. मेलबर्नजवळच्या भागावरून त्याचं नाव पडलं डँडेनाँग. आणि दाता? मरण्याच्या दहा दिवस आधी तो जुन्या युगोस्लाव्हियाच्या ग्रामीण भागात तीन महिने राहून परतला होता.

या मेलबर्नच्या कामाचं वैद्यकीय जगात खूप कौतुक झालं आणि ते योग्यच आहे. आज ‘मेटाजिनोमिक्स’ म्हणून जे तंत्र मोठ्या हॉस्पिटलांत वापरलं जातंय त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या यशांत हे मोडतं. पण मला त्यातही दिसतो तो पहिला, बिनखर्चाचा टप्पा. तिघींचा दाता एक आहे, तिघींचं दुखणं एक आहे, हे कुणीतरी जोडलं. ते जोडलं नसतं तर न्यूयॉर्कला पाठवायचं कुणाला सुचलं असतं?

आता आपल्याकडे येऊ. २००४ च्या डिसेंबरात जर्मनीत एक तरुणी गेली. अमली पदार्थांमुळे हृदय बंद पडलं असं दिसत होतं. सहा जणांना तिचे अवयव आणि कॉर्निया मिळाले. फेब्रुवारीपर्यंत तिघांना रेबीज झाला आणि ते गेले. ती तरुणी आदल्या ऑक्टोबरात भारतात फिरून गेली होती. कॉर्निया मिळालेल्या दोघांचे पडदे काढून टाकले, लस दिली, ते वाचले. आणि यकृत मिळालेला पेशंट आजारीच पडला नाही. शोध घेतला तर त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी कधीतरी रेबीजची लस घेतलेली. झोपलेल्या पहारेकऱ्यालाही जुनी ओळख आठवली म्हणायची.

जर्मनीत भारत-प्रवास ही धोक्याची नोंद ठरते. इथे तर आपण सगळे रोजच भारतात असतो. रेबीजने देशात वर्षाला किती माणसं जातात याचा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज अठरा ते वीस हजारांचा होता, अलीकडच्या पाहणीने तो सहा हजारांच्या आसपास आणला. कुठलाही धरा, जगात आपला नंबर वरचाच. गल्लीत कुत्रं चावलं, हळद-चुना लावला, मिरची भरली, विषय संपला, अशी घरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. चावा छोटा असेल तर घरी सांगतसुद्धा नाहीत. आणि मुदत? अमेरिकेत मेरीलँडमध्ये २०१३ साली एक किडनी-पेशंट रेबीजने गेला, तो प्रत्यारोपणानंतर तब्बल दीड वर्षाने. त्याचा दाता विशीतला, हवाई दलातला. उलट्या-जुलाबाने सुरू झालेलं त्याचं आजारपण समुद्री मासे खाऊन झालेली विषबाधा समजलं गेलं होतं. नंतर घरच्यांनी सांगितलं की त्याला रकून नावाचा प्राणी दोनदा चावला होता, एकदा मृत्यूच्या सात महिने आधी, एकदा दीड वर्ष आधी. त्याच दात्याचे बाकी तीन अवयव-पेशंट शोधून लगेच लस दिली, ते तिघंही ठणठणीत राहिले. एकाचं निदान पोस्टमॉर्टेममध्ये झालं, तरी उरलेल्या तिघांना उपयोग झाला. म्हणून निदान उशिरा झालं तरी ते करायचंच.

इथेच आपली गोची आहे. आपल्याकडे पेशंट गेल्यावर पोस्टमॉर्टेम नको असतं. घरच्यांना बॉडी लवकर हवी असते, डॉक्टरांना आग्रह धरायचा नसतो, कारण आग्रह धरला की ‘तुम्हीच काहीतरी केलंत’ ही शंका. पोलीस केस नसेल तर विषय निघतच नाही. डॅलसमध्ये ज्या मेंदूच्या तुकड्याने कोडं सुटलं तो तुकडा आपल्याकडे बहुधा स्मशानात गेला असता. पूर्ण चिरफाड नको असेल तर निदान सुईने काढलेला छोटा नमुना तरी ठेवता येतो, तेवढं तरी घरच्यांना समजावून सांगायला हवं, असं माझं मत आहे.

आणि प्रयोगशाळा आपल्याकडे आहेत, हे विसरू नका. पुण्याची एनआयव्ही १९५२ पासून आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या पेशंटांच्या रक्तातून नवा विषाणू वेगळा काढला तो याच संस्थेने. जगाच्या पुस्तकात आज तो चांदीपुरा याच नावाने आहे, आणि २००३ मध्ये, २०२४ मध्ये मुलांच्या मेंदूज्वराच्या साथींत त्याने परत तोंड दाखवलं. रेबीजसाठी बंगळूरची निम्हान्स आहे, जिवंत पेशंटची लाळ, मानेच्या कातडीचा तुकडा, पाठीतलं पाणी यांवरून तिथे तपासणी होते. म्हणजे बुद्धी कमी नाही, मशीन कमी नाही. नमुना तिथपर्यंत पोचायचा तर आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

ती शंका यायला काय लागतं? मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे कुठला अवयव कुणाला गेला याची यादी असते. वाटपासाठी ती लागतेच. माझी मागणी साधी आहे, लोकप्रतिनिधींपैकी कुणी वाचत असेल तर त्यांनीही ऐकावी. वाटपाची यादी वाटप झाल्यावर झोपी जाऊ नये. एका पेशंटला कारण न सापडणारा मेंदूज्वर झाला, की त्याच दात्याचे अवयव गेलेल्या बाकी सगळ्या हॉस्पिटलांना आणि नेत्रपेढीला त्याच दिवशी फोन जावा. रेबीजची टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत थांबू नये. दरवर्षी ‘इतके अवयवदान झाले’ हे आकडे छापतात, त्याच पानावर ‘दात्याकडून आलेल्या संसर्गाची शंका किती वेळा कळवली गेली’ हाही आकडा छापावा. शून्य असेल तर शून्य छापा, पण मग विचारलं गेलं होतं का, तेही सांगा.

आणि आपल्या बाजूचं. अवयवदानाच्या वेळी समन्वयक घरच्यांशी बोलतात तेव्हा विचित्र वाटणारे प्रश्न येतात. गेल्या वर्षभरात कुत्रं, मांजर, माकड चावलं किंवा ओरबाडलं का, कुठे प्रवास केला, घरात जनावरं कोणती. माणूस अजून व्हेंटिलेटरवर आहे आणि हे कुत्र्याचं काय विचारतायत, म्हणून नातेवाईक चिडतात. चिडणं साहजिक आहे. बायकोला माहीत नसतं ते कधीकधी सोबत कामाला जाणाऱ्या मित्राला माहीत असतं, हे डॅलसने दाखवलंच. म्हणून समन्वयकांनीही फक्त सही करणाऱ्या नातेवाइकाला विचारून थांबू नये. चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या दोन मित्रांनाही विचारावं.

प्रश्न विचारला, उत्तरही मिळालं, तरी पुढे काय होऊ शकतं, याची सगळ्यात ताजी घटना. २०२४ च्या ऑक्टोबरात आयडाहोमध्ये (हो, पुन्हा आयडाहो) एका माणसाच्या हातात मांजराचं पिल्लू होतं, आणि स्कंक नावाचा काळा-पांढरा, घाण वास सोडणारा प्राणी अंगावर आला. त्याच्या नडगीवर ओरखडा उठला. पाचेक आठवड्यांनी त्याला भ्रम व्हायला लागला, गिळता येईना, चालता येईना. मग हृदय बंद पडलं, मेंदूमृत झाला. अवयव काढण्याआधी घरच्यांना प्रश्नावली विचारली गेली. त्यांनी स्कंकच्या ओरखड्याचं सांगितलं. ते कागदावर लिहिलंसुद्धा गेलं. पण त्याची लक्षणं त्याच्या जुन्या आजारांच्या खात्यात टाकली गेली. डिसेंबरात त्याची एक किडनी ओहायोतल्या हॉस्पिटलात मिशिगनच्या एका माणसाला बसली. पाचेक आठवड्यांनी त्या माणसाला थरथर, अशक्तपणा, भ्रम सुरू झाला. शेवटी त्याला पाण्याची भीतीही वाटू लागली, पुस्तकातल्या रेबीजसारखी. प्रत्यारोपणानंतर एक्कावन्नाव्या दिवशी तो गेला. डॉक्टरांना शंका आली, त्याच्या घरच्यांना विचारलं, त्याचा कुठल्या प्राण्याशी संबंध आला नव्हता. मग दात्याची प्रश्नावली परत काढली आणि त्यातली ती ओळ कुणीतरी नीट वाचली.

त्या दात्याचे कॉर्निया तोवर आणखी तिघांच्या डोळ्यांवर बसवले होते. तिघांना बोलावून ते काढून टाकले, लस दिली. तिघांपैकी कुणालाही रेबीज झाला नाही.